माउंटन ड्यू : नाव दारूचं, चव लिंबाची, आणि खरा प्रश्न कॅफिनचा

रमजान जवळ आला की दरवर्षी एक मेसेज नव्याने फिरू लागतो. कधी मराठीत, कधी हिंदीत, कधी दखनी बोलीतल्या ऑडिओ क्लिपमध्ये. मजकूर साधारण असा असतो की माउंटन ड्यू हे दारूचं नाव आहे, ते दारूत मिसळायलाच बनवलं होतं, म्हणून ते हराम आहे आणि इफ्तारीच्या दस्तरखानावर ठेवू नका. मग घरातला कुणी कॉलेजात जाणारा मुलगा म्हणतो, "सगळं खोटं आहे, फॉरवर्ड आहे." अम्मी गोंधळतात, अब्बा म्हणतात राहू दे, आणि बाटली फ्रिजमध्ये तशीच राहते.

या मेसेजमधला अर्धा भाग खरा आहे. नावाची गोष्ट खरी आहे, दारूत मिसळण्याची गोष्टही खरी आहे. त्यातून काढलेला निष्कर्ष मात्र वेगळा तपासावा लागतो. आणि हे सगळं तपासताना ज्या गोष्टीकडे आपलं लक्षच जात नाही, ती या हिरव्या बाटलीत आहेच. ती म्हणजे कॅफिन. म्हणून या पेयाची गोष्ट आम्ही सुरुवातीपासून सांगत आहोत.

डोंगरातलं दव म्हणजे काय?

अमेरिकेच्या पूर्व भागात अॅपलेशियन नावाची डोंगररांग आहे. टेनेसी, केंटकी, व्हर्जिनिया, नॉर्थ कॅरोलायना या राज्यांतून ती जाते. स्कॉटलंड आणि आयर्लंडहून आलेली गरीब शेतकरी कुटुंबं तिथल्या दऱ्याखोऱ्यांत वसली. शेतात मका पिकायचा, पण तो डोंगरातून बाजारात न्यायला रस्ते नव्हते. मक्याची दारू गाळली तर तोच माल कमी वजनात जास्त पैसे देत असे. सरकारने दारूवर कर लावल्यावर हे काम रात्री, झाडीत, ओढ्याच्या काठी लपून होऊ लागलं. आपल्याकडे जशी गावठी, हातभट्टीची म्हणतात, तशी ही तिकडची हातभट्टी. चंद्राच्या उजेडात गाळतात म्हणून तिला मूनशाइन म्हणत. आणि लाडाने म्हणत माउंटन ड्यू, म्हणजे डोंगरातलं दव. हे लाडाचं नाव त्यांनी आयर्लंड-स्कॉटलंडहूनच सोबत आणलं होतं.

1920 ते 1933 या काळात पूर्ण अमेरिकेत दारूबंदी होती. त्या वर्षांत या डोंगरांमधल्या भट्ट्या जोरात चालल्या. कर वसूल करणारे सरकारी अधिकारी आणि भट्टीवाले यांच्यातल्या पाठलागाचे किस्से घरोघरी सांगितले जाऊ लागले. या पेयाचं नाव आणि त्याच्या पहिल्या जाहिराती याच किश्श्यांमधून आल्या.

दोन भाऊ आणि एक सोडा

बार्नी आणि अॅली हार्टमन हे दोन भाऊ. आधी जॉर्जिया राज्यातल्या ऑगस्टा शहरात ऑरेंज क्रश नावाचं संत्र्याचं पेय बाटल्यांत भरण्याचा त्यांचा धंदा होता. मंदीच्या काळात तो बुडाला आणि 1930 च्या दशकात ते टेनेसीतल्या नॉक्सव्हिल शहरात आले. दोघांना व्हिस्कीत लिंबाच्या चवीचा सोडा घालून प्यायची सवय होती. पूर्वी मिळणारा आवडता सोडा नॉक्सव्हिलला मिळेना. बाटल्या भरण्याचा कारखाना हाताशी होताच, म्हणून त्यांनी स्वतःपुरता तसाच सोडा बनवला. मित्रमंडळींत चेष्टेने त्याचं नाव पडलं माउंटन ड्यू. सोडा दारूत घालायचा, म्हणून नावही दारूचंच.

म्हणजे मेसेज इथपर्यंत बरोबर आहे. हे लपवण्यात काही अर्थ नाही, कंपनीनेही ते कधी लपवलेलं नाही.

1948 मध्ये त्यांनी नावाचा ट्रेडमार्क मागितला. बाटलीवरच्या चित्रात अनवाणी पायांचा, बंदूक हातात घेतलेला एक डोंगरी माणूस होता आणि त्याच्यापुढे पळणारा दुसरा एक माणूस. लोक समजून जायचे की पळणारा तो करवसुलीवाला. पण चित्राने धंदा झाला नाही. 1954 मध्ये टेनेसीतल्याच जॉन्सन सिटीच्या एका बाटली कारखान्याने हे पेय भरायला घेतलं, तरीही हा माल सेव्हन अप सारख्याच चवीचा होता आणि सेव्हन अप तर आधीच दुकानात होतं. मग लोकांनी हे का घ्यावं?

पेय चाललं ते चव बदलल्यावर. 1950 च्या दशकाच्या शेवटी व्हर्जिनियातल्या मॅरियन गावच्या टिप कॉर्पोरेशनने माउंटन ड्यूचे हक्क घेतले. 1960 च्या आसपास कृती बदलून त्यात संत्र्याची आणि लेमोनेडची झाक आली. आज आपण जी चव ओळखतो ती ही. ही चव नेमकी कुणी बसवली यावर मॅरियन आणि जॉन्सन सिटी ही दोन गावं अजून भांडतात. एक म्हणतं आमच्या बिल जोन्सने, दुसरं म्हणतं आमच्या बिल ब्रिजफोर्थने, कारण त्याच्या कारखान्यात तसं लेमोनेड आधीच बनत होतं. आमच्या मते भांडणात फार पडू नये. आपल्या विषयासाठी एवढं पुरे की आज विकलं जाणारं पेय हे हार्टमन बंधूंच्या व्हिस्कीतल्या सोड्याची नक्कल नाही. नाव तेच राहिलं, आतला माल बदलला.

1964 मध्ये पेप्सी-कोला कंपनीने हा ब्रँड विकत घेतला. सुरुवातीची काही वर्षं डोंगरी माणसाच्या, पोटात गुदगुल्या होतील असं सांगणाऱ्या जाहिराती चालू राहिल्या. 1973 च्या सुमारास मात्र तो बंदूकवाला गेला आणि नदीवर उड्या मारणारी, सायकली पळवणारी तरुण मुलं आली. पुढे 1990 च्या दशकात धोक्याच्या खेळांशी नाव जोडलं गेलं. भारतात हे पेय 2003 मध्ये आलं, आणि नंतर 'डर के आगे जीत है' हे वाक्य पोरांच्या तोंडी बसलं. कड्यावरून उडी मारणारा नट पाहणाऱ्या आपल्या मुलांना हातभट्टीचा पत्ताही नाही.

मग हलाल की हराम?

आम्ही फतवा देणारे नाही. तो आपल्या मोहल्ल्यातल्या, भरवशाच्या आलिमांना विचारावा. पण विचारताना नेमका प्रश्न काय विचारायचा, हे माहीत असलं तर उत्तरही नेमकं मिळतं.

अबू दाऊद आणि इब्ने माजा यांच्या संग्रहात एक हदीस आहे, तिचा आशय आपल्यापैकी अनेकांनी बयानात ऐकलेला असतो: पुढे असे लोक येतील जे दारू पितील पण तिला दुसरंच नाव देतील. म्हणजे नाव बदलून हराम वस्तू हलाल होत नाही. इथे गोष्ट उलटी आहे. दारूला सरबताचं नाव दिलेलं नाही, सरबताला दारूचं नाव दिलेलं आहे. नावाने जर वस्तू बदलत नसेल, तर ती दोन्ही बाजूंनी बदलत नाही. नाव आवडलं नाही म्हणून कुणी ते पेय टाळलं तर तो त्याचा तकवा, त्यावर कुणी वाद घालू नये. पण 'यात दारू आहे' असं सांगणं ही वेगळी गोष्ट आहे. ती खरी की खोटी हे पाहावं लागतं, आणि खात्री न करता पुढे पाठवणं ही जबाबदारीची गोष्ट आहे.

माउंटन ड्यूमध्ये दारू हा घटक नाही. ते पाणी, साखर, आम्ल, चव, रंग, कॅफिन आणि गॅस यांचं मिश्रण आहे. ते आंबवून बनत नाही. मग 'अल्कोहोलचा अंश' हा शब्द येतो कुठून? लिंबू-संत्र्याच्या सालीतलं सुगंधी तेल पाण्यात मिसळत नाही, म्हणून चव बनवणारे कारखाने ते विरघळवायला वेगवेगळे द्राव वापरतात. इथेनॉल हा त्यातला एक. 2012 मध्ये फ्रान्समधल्या एका ग्राहक संस्थेने बाजारातले कोला तपासले तेव्हा काहींमध्ये लिटरला 10 मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणजे सुमारे 0.001 टक्के अल्कोहोल आढळलं. ते कोला होते, ड्यू नव्हे. पण मुद्दा सगळ्याच थंड पेयांना लागू होतो, अगदी पिकलेल्या फळाच्या रसालाही.

अशा अंशाबद्दल उलेमांनी विचार केलेलाच नाही असं समजू नये. इंडोनेशियाच्या उलेमा कौन्सिलने 2018 च्या फतव्यात सांगितलं की दारूच्या धंद्यातून न आलेलं इथेनॉल पेयात 0.5 टक्क्यांपेक्षा कमी असेल आणि आरोग्याला अपाय नसेल तर ते पेय वापरता येतं. दुसऱ्या मसलकचे आलिम यापेक्षा कडक मत देऊ शकतात. म्हणून विचारायचा प्रश्न 'माउंटन ड्यू हे दारूचं नाव आहे का' हा नाही. प्रश्न असा विचारावा: 'चवीच्या अर्कातून आलेला, नशा न आणणारा, इतका सूक्ष्म अंश चालतो का?'

पेप्सिको कंपनीवर बहिष्कार टाकावा की नाही, हाही वेगळा विषय आहे. ज्यांना तो करायचा आहे त्यांनी त्याच कारणाने करावा. त्यासाठी बाटलीत दारू असल्याचं सांगायची गरज नाही.

कॅफिनवर आपल्या उलेमांनी आधीच वाद घातला आहे

आता खऱ्या मुद्द्याकडे. कॅफिनचा प्रश्न मुस्लिम जगात पाचशे वर्षं जुना आहे. येमेनमधले सूफी रात्रीच्या जिक्रसाठी जागं राहायला कॉफी पीत. तिथून ती मक्केत आली. 1511 मध्ये मक्केचे अधिकारी खैर बेग यांनी उलेमा आणि हकिमांना बोलावून कॉफीवर बंदी घातली. कारण असं दिलं की ती डोकं बदलते. काहिराच्या सुलतानाने ती बंदी पुढे उठवली. वाद बरीच वर्षं चालला आणि शेवटी बहुतेकांचं मत असं स्थिरावलं की जागं ठेवणं म्हणजे नशा नव्हे. तीच कॉफी बाबा बुदन यांनी चिकमगळूरच्या डोंगरात आणली असं आपण मानतो.

म्हणजे कॅफिन आहे म्हणून पेय हराम, असं कुणी म्हणत नाही. पण हलाल आहे म्हणून आठ वर्षांच्या मुलाला रात्री दहा वाजता द्यावं, असंही होत नाही. घरात आपण लहान मुलाला कडक कॉफी देत नाही. चहाही दूध जास्त घालून देतो. मग हिरव्या बाटलीला सूट का? कारण ती लिंबासारखी दिसते. कोलामध्ये कॅफिन असतं हे बऱ्याच जणांना माहीत असतं, पण लिंबू-संत्र्याच्या पेयात असेल असं वाटत नाही. स्प्राइट, सेव्हन अप यांत ते नसतंही. ड्यूमध्ये असतं.

अमेरिकेतल्या 355 मिलिलिटरच्या डब्यात माउंटन ड्यूमध्ये 54 मिलिग्रॅम कॅफिन असतं. तेवढ्याच कोका-कोलात 34, पेप्सीत 38. म्हणजे दोन्ही कोलांपेक्षा जास्त. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने 2015 मध्ये मुलांसाठी जी सुरक्षित मर्यादा सांगितली ती दिवसाला वजनाच्या प्रत्येक किलोमागे 3 मिलिग्रॅम. 20 किलोच्या मुलासाठी ती होते 60. एक डबा आणि वर अर्धा कप चहा झाला की मर्यादा संपली.

चवीसाठी कॅफिन लागतंच का? कॅनडाचं उदाहरण पाहा. तिथल्या कायद्याने 2010 पर्यंत कोला सोडून इतर थंड पेयांत कॅफिन घालायला परवानगीच नव्हती. त्यामुळे कॅनडात कितीतरी वर्षं कॅफिन नसलेलंच माउंटन ड्यू विकलं गेलं आणि लोकांनी ते प्यायलंही. नियम बदलल्यावर कॅफिन आलं. यावरून आम्हाला तरी एवढं दिसतं की लिंबाच्या चवीला कॅफिनची गरज नाही. ते येतं तरतरीसाठी, आणि तरतरीची सवय लागते.

रमजानमध्ये ही सवय दोन ठिकाणी अडते. एक, झोप. मोठ्या माणसाच्या शरीरात कॅफिनचं प्रमाण निम्म्यावर यायला साधारण पाच तास लागतात. तरावीहनंतर रात्री साडेदहाला प्यायलेल्या बाटलीतलं निम्मं कॅफिन साडेतीनला, सहेरीच्या तयारीच्या वेळीही, शरीरात असतं. झोप मोडकी होते आणि दुसऱ्या दिवशी मुलगा शाळेत पेंगतो. दोन, डोकेदुखी. रोज कॅफिन घेणाऱ्याने ते अचानक बंद केलं की 12 ते 24 तासांत डोकं दुखायला लागतं. पहिल्या दोन-तीन रोजांना दुपारी कपाळ धरून बसणारे चहाबाज आपल्या प्रत्येक घरात असतात. तोच त्रास थंड पेयाने होतो. शाबानपासूनच हळूहळू कमी केलं तर तो बराच टळतो.

एक गोष्ट इथे सांगायला हवी. 'कॅफिनने शरीरातलं सगळं पाणी निघून जातं, रोज्यात तहान मरणाची लागते' असं जे सांगतात ते फुगवून सांगतात. एवढ्या थोड्या कॅफिनने फार पाणी जात नाही, बाटलीतलं बहुतेक पाणी शरीराला मिळतंच. रिकाम्या पोटी गॅस आणि आम्ल गेल्याने पोट फुगतं, जळजळते, हा त्रास मात्र खरा.

जिथे जन्मलं तिथेच दात गेले

त्याच अॅपलेशियन भागात आज एक शब्द प्रचलित आहे: 'माउंटन ड्यू माउथ'. दात काळे पडून, झिजून गेलेलं लहान मुलांचं, तरुणांचं तोंड. गरिबी, दातांचे डॉक्टर दूर, खाणींच्या भागात विहिरीच्या पाण्यावर भरवसा नाही, आणि सोडा स्वस्त. काही घरांमध्ये दुधाच्या बाटलीतून तान्ह्या बाळाला ड्यू पाजल्याचंही तिथल्या दंतवैद्यांनी सांगितलं आहे. एकट्या या पेयाला दोष देता येणार नाही, पण शब्द पडला तो याच्याच नावाचा.

हे होतं कसं, ते समजून घ्यावं. दातावरचं कठीण आवरण आम्लाची पातळी, म्हणजे पीएच, साधारण 5.5 च्या खाली गेली की विरघळायला लागतं. या पेयाची पातळी 3 च्या थोडी वर असते. शिवाय त्या एका अमेरिकी डब्यात 46 ग्रॅम साखर, म्हणजे चहाचे अकरा-साडेअकरा चमचे. तोंडातले जंतू ती साखर खाऊन आणखी आम्ल करतात. लाळ हे आम्ल हळूहळू धुऊन काढते, पण घोट घोट करत दोन तास बाटली चालली तर लाळेला वेळच मिळत नाही. म्हणून प्यायचंच असेल तर जेवणासोबत एकदा पिऊन संपवावं, मग साध्या पाण्याने चूळ भरावी. आणि लगेच ब्रश करू नये, मऊ झालेलं आवरण घासलं जातं. अर्धा-पाऊण तास थांबावं.

जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाची वरून घातलेली साखर 50 ग्रॅमच्या आत ठेवायला सांगते, आणि जमलं तर 25. इफ्तारीला खजूर असतो, सरबत असतं, जिलेबी किंवा फिरनी असते. त्यात आणखी 46 ग्रॅम. आता कुणी म्हणेल, रूह अफजामध्ये काय कमी साखर आहे? बरोबर आहे, तेही साखरेचंच. पण ते किती घालायचं हे निदान आपल्या हातात असतं.

फिरणाऱ्या मेसेजमध्ये आणखी दोन गोष्टी असतात, त्या थोडक्यात. यातल्या पिवळ्या रंगाने पुरुषांची जननक्षमता कमी होते, ही अमेरिकेतली जुनी अफवा आहे, तिला पुरावा नाही. दुसरी, यात 'आग विझवायचं रसायन' असतं. ती गोष्ट ब्रोमीनयुक्त वनस्पती तेलाची. लिंबाचं तेल पाण्यावर तरंगू नये म्हणून ते घालत. भारताने त्यावर 1990 मध्येच बंदी घातली, म्हणजे ड्यू इथे येण्याच्या तेरा वर्षं आधी. अमेरिकेत पेप्सिकोने ते काढण्याचं 2014 मध्ये जाहीर केलं आणि तिथल्या सरकारने परवानगी रद्द केली ती थेट 2024 मध्ये. या एका बाबतीत आपलं सरकार बरंच पुढे होतं.

वर दिलेले कॅफिन आणि साखरेचे आकडे अमेरिकी डब्याचे आहेत. आपल्या दुकानातल्या बाटलीचं लेबल वेगळं असू शकतं, म्हणून तेच वाचावं. लेबल बाटलीच्या मागे, बारीक अक्षरात असतं. घटकांच्या यादीत कॅफिन आहे का ते पाहा, त्याची सूचना वेगळी छापलेली असते. मग पोषणाच्या तक्त्यात साखर शोधा. तो आकडा बहुतेक 100 मिलिलिटरचा असतो. बाटली 250 ची असेल तर अडीचने गुणा, 600 ची असेल तर सहाने. हा हिशेब मुलांनाच करायला द्या.